बिनखोक्याच्या वस्तू

माझ्या अंगावर जे पडलं ते मीच वर ठेवलेलं होतं. दुकानात हे कुणालाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळे माझ्याशी फार चांगले वागत होते.

पडलं ते बिडाचं भांडं. झाकणासकट सहा किलो. खरं म्हणजे आधी झाकण पडलं आणि ते मी चुकवलं. चुकवायला म्हणून डावीकडे सरकले आणि नेमकी भांड्याखाली जाऊन उभी राहिले. गळ्याजवळचं हाड मोडलं, खांदा काळानिळा झाला. भांड्याचा टवकासुद्धा उडाला नाही. अपघाताच्या फॉर्मात ही गोष्ट पहिल्याच पानावर आहे. ‘पडलेल्या वस्तूचे नुकसान : नाही.’ माझं हाड दुसऱ्या पानावर येतं.

आमचं दुकान घरगुती वस्तूंचं, चांगलं मोठं. बारा रांगा, आणि प्रत्येक रांगेत माणसाच्या दीडपट उंचीच्या लोखंडी मांडण्या. खालच्या फळ्या गिऱ्हाइकांसाठी, सगळ्यात वरची जादा मालासाठी. वरच्या फळीवर फक्त बंद खोकी ठेवायची आणि ती फक्त शिडीवर काम करणाऱ्या आमच्या शिडीकाकांनी ठेवायची, असा नियम आहे. तो चौकटीत घालून भिंतीवर लावलाय. ती चौकटही एकदा पडली होती, पण तेव्हा खाली कुणी नव्हतं.

सहावी रांग, म्हणजे भांड्यांची, माझ्या ताब्यात होती.

वर्षातून दोनदा सेल लागतो. सेलच्या आधी आम्ही कामावरची माणसं आपल्याला हवी ती वस्तू दडवून ठेवतो, नाहीतर पहिल्या तासातच ती गिऱ्हाईक घेऊन जातं. खोक्यातून काढून दडवायची, कारण खोकं मोठं असतं, लगेच डोळ्यावर येतं. जागा एकच, वरची फळी. प्रत्येकाला वाटतं की ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचलीय. याविषयी कुणी कुणाशी चकार शब्द काढत नाही. महिन्याच्या सभेत मॅनेजर सांगतात, “माल दडवणाऱ्याची गय केली जाणार नाही,” तेव्हा आम्ही सगळे माना डोलावतो. थोरल्या कॅशियरबाई तर त्यावर स्वतःचं दहा मिनिटांचं भाषण जोडतात. प्रामाणिकपणा कशाला म्हणतात, वगैरे. त्या बोलायला लागल्या की आम्ही घड्याळाकडे बघतो.

मला ते भांडं हवं होतं कारण माझ्या जाऊबाईंकडे ते आहे. दुसरं काही कारण नाही. “यात शिजवलं की चवच वेगळी लागते,” असं त्या सहा वर्षं ऐकवतायत, आणि भांडं घासायलासुद्धा कुणाच्या हातात देत नाहीत. म्हणून मी एका दुपारी, रांगेत कुणी नसताना, पालथ्या टबावर एक पाय आणि दुसऱ्या फळीवर एक पाय देऊन वर चढले. कपांच्या दोन खोक्यांच्या मधल्या फटीत भांडं सरकवलं आणि दिसू नये म्हणून पुढे पुठ्ठा लावला. सहा किलोला पुठ्ठ्याचा आधार. मी अठरा वर्षं भांडी विकतेय, मला कळायला हवं होतं. दोन आठवड्यांनी मी खालच्या फळीत ताटांचं खोकं गुडघ्याने ढकलत होते, मांडणी हलली, आणि पुढचं फॉर्मात आहे.

फॉर्मात एक प्रश्न असा : ‘बिनखोक्याची वस्तू वरच्या फळीवर कोणी ठेवली?’ मॅनेजरांनी क्षणभरही विचार न करता लिहिलं, शिडीकाका. वर जायची मुभा दुसऱ्या कुणाला नाहीच, तर दुसरं काय लिहिणार? मी तिथेच जमिनीवर आडवी होते आणि त्यांचा पेन चालताना बघत होते. मी काही बोलले नाही. तेव्हा दुखत होतं, ही सबब मी स्वतःला दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी दुखायचं कमी झालं.

घरी माझी चंगळ होती. हात झोळीत, त्यामुळे कामाला हात लावायचा नाही. सासूबाई माझी वेणी घालून द्यायच्या. नवरा भांडी घासायचा आणि मधेच बाहेर येऊन सांगायचा की आपल्या घरात भांडी फार आहेत. जाऊबाई बघायला आल्या, भांडं किती किलोचं होतं ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “आमचं साडेसहाचं आहे.” सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला शिडीकाकांविषयी ऐकवत होत्या. कोण तो मेला, वर काय ठेवतोय ते बघत नाही. मी उशीला टेकून ऐकत असे. हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे.

मग थोरल्या कॅशियरबाईंचा फोन आला. शिडीला साखळी घालून कुलूप लावलंय. काका मागच्या दाराशी स्टुलावर बसून असतात, कुणी काम सांगत नाही. गुरुवारी मोठ्या ऑफिसातून चौकशीच्या बाई येणार. काकांच्या हातून झालं असं ठरलं तर शिडी गेली, आणि शिडी गेली की नोकरी गेली, कारण जमिनीवर त्यांना देण्यासारखं काम नाही.

“तुम्हाला म्हणून सांगते,” त्या म्हणाल्या, “मला त्यांच्याकडे बघवत नाही.”

शिडीकाका अठ्ठावन्न वर्षांचे. बावीस वर्षं ते शिडीवर आहेत. कुठल्या रांगेत, कुठल्या खणात, काय आणि किती आहे, हे ते न बघता सांगतात. दुकानात कॉम्प्युटर आहे, पण आम्ही आधी काकांना विचारतो आणि मग कॉम्प्युटरचं चुकलं असेल तर दुरुस्त करतो. शिडीवर चढून खोकी ठेवणं हे कुणीही करील. ती लक्षात ठेवणं हे त्यांचं काम, आणि त्याचा त्यांना मनातून फार अभिमान.

मी ठरवलं की अगदी वेळ आलीच तर सांगेन. वेळ आलीच तर, असं ठरवणारा माणूस वेळ येऊ नये म्हणून काय काय करतो ते मला तेव्हा कळलं. मी पुष्कळ झोपले.

मंगळवारी दुपारी काका स्वतःच घरी आले. पिशवीत संत्री. खुर्चीच्या कडेवर बसले.

“ताई, मला माफ करा.”

“अहो काका, तुम्ही कशाला माफी मागताय?”

“मला ते भांडं ठेवल्याचं आठवत नाही.” जिना पुसलाय, जपून या, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. “बिनखोक्याचं मी वर ठेवत नाही. बावीस वर्षांत नाही ठेवलं. पण दुसऱ्या कुणी वर काही ठेवलं तर मला कळतं. हे कळलं नाही. म्हणजे मीच ठेवलं आणि विसरलो.”

मी एका हाताने पिशवीतली संत्री काढून मोजायला लागले.

“माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं. आधी किल्ल्या विसरायचा. मग रस्ता. शेवटी शेवटी वहिनीला विचारायचा, तुम्ही कुणाकडे आलात?” त्यांनी खिशातून छोटी वही काढली. “म्हणून आता सगळं लिहून ठेवतो. बघा.”

मी बघितलं. ‘दूध आणले. दार लावले. दार लावले ते परत जाऊन बघितले. लावलेले होते.’ अक्षर सुरेख होतं. आठ दिवसांत त्यांनी अर्धी वही भरली होती.

“मुलीला अजून बोललो नाही. गुरुवारचं होऊ दे, मग सांगेन. ती म्हणेल तिथे जाऊन राहीन. एकट्याने राहण्यात आता अर्थ नाही.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या, आणि इतके दिवस जे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होत्या ते त्यांनी काकांना तोंडावर ऐकवलं. सुनेचं डोकं फुटलं असतं म्हणजे? देवाने डोळे दिलेत ते कशाला?

“बरोबर आहे आई तुमचं,” काका म्हणाले. चहा प्यायले, कप स्वतः आत नेऊन ठेवला, आणि दारात उभं राहून वहीत लिहिलं, ‘ताईंकडे जाऊन आलो.’ मी उघडलेलं तोंड मिटलं.

ते गेल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हातातली ताटली पुसत राहिला.

“नोकरी जाईल तुझी.”

“नाहीतर त्यांची जाईल.”

“त्यांचं वय झालंय गं. आज ना उद्या सोडणारच होते.”

मी जेवेपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. राग त्याच्यावर नव्हता. मी आठ दिवस स्वतःला हेच सांगत होते, फक्त त्याने ते मोठ्याने म्हटलं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. नोकरी काय, दुसरी बघता येते. पण त्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा मी काढून घेतला होता, आणि तोही जाऊबाईंना दाखवायच्या एका भांड्यासाठी.

गुरुवारी सकाळी मी झोळीतला हात घेऊन दुकानात गेले. चौकशी आमच्या डबे खायच्या खोलीत होती. टेबलाभोवती मॅनेजर, थोरल्या कॅशियरबाई, पडदेवाली, वॉचमन, फर्निचरवाला आणि काका. चौकशीच्या बाई बारीक चणीच्या, शांत, गळ्यात एक चष्मा आणि डोळ्यांवर दुसरा. त्यांनी आदल्या रात्री, दुकान बंद झाल्यावर, एक काम केलं होतं ज्याची कुणाला कल्पना नव्हती. बाराही रांगांच्या वरच्या फळ्या बाहेरची माणसं लावून रिकाम्या करून घेतल्या होत्या. सापडलेल्या बिनखोक्याच्या वस्तू शेजारच्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. भांडं धरून आठ. खोलीतलं एकही माणूस त्या टेबलाकडे बघत नव्हतं. मॅनेजर तर खिडकीबाहेर बघत होते, आणि त्या खिडकीबाहेर भिंत आहे.

बाईंनी फॉर्म उघडायच्या आत मी म्हटलं, “भांडं मी ठेवलं.”

मग सगळं सांगितलं. टब, फट, पुठ्ठा. जाऊबाईंचंही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. बाई लिहीत होत्या. मॅनेजरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी मात्र काकांकडे बघत होते.

“दोन खोक्यांच्या मधे?” काकांनी विचारलं.

“हो काका.”

“मी वर असताना दिसू नये असं?”

“तुम्हाला दिसू नये म्हणूनच पुठ्ठा लावला.”

“म्हणजे मी नाही ठेवलं.”

“नाही. तुम्ही काहीही विसरला नाहीत.”

ते हसले. अठरा वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, दोन दात पडलेत हेही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी हात टेबलावर ठेवले आणि सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

बाईंनी शेजारच्या टेबलाकडे पेन दाखवला. “आणि या बाकीच्या सात?”

आमच्यातलं कुणी बोललं नसतं, हे मी लिहून देते. पण काका उठले.

“त्या मी सांगतो,” ते म्हणाले.

त्यांच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. चुगली हा शब्द त्यांच्या डोक्यातही आला नसेल. त्यांना फक्त बघायचं होतं. आठ दिवस बंद पडलंय असं समजलेलं घड्याळ टिकटिकतंय का, म्हणून कानाला लावून बघावं, तसं.

“आरसा. तिसरी रांग, पाचवा खण. पडदेवाल्या बाईंचा. बरोबर ना?”

पडदेवालीने मान खाली घातली. काका थांबून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती की ती बिचारी म्हणाली, “बरोबर.”

“इस्त्री. नववी रांग, अगदी टोकाला. वॉचमनची.”

“बरोबर,” वॉचमन म्हणाला. त्याचं काम चोऱ्या पकडण्याचं आहे.

“घड्याळ आणि वजनकाटा, दोन्ही फर्निचरवाल्यांचे. पण ठेवले वेगवेगळ्या दिवशी. घड्याळ आधी.”

“घड्याळ आधी,” फर्निचरवाल्याने कबूल केलं.

“सुऱ्यांचा संच. याच बाईंचा, पडदेवाल्या. पाती भिंतीकडे करून ठेवलाय, शहाणपणा केला.”

“बरोबर.”

“टेबलपंखा. पहिली रांग, दाराच्या वर. मॅनेजरसाहेबांचा. गेल्या सेलपासून आहे, साहेब न्यायचा विसरले.”

चौकशीच्या बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून गळ्यातला लावला आणि मॅनेजरांकडे बघितलं. मॅनेजरांनी भिंतीकडे बघितलं. काकांनी पुन्हा विचारलं, “बरोबर ना साहेब?”

“बरोबर,” मॅनेजर म्हणाले.

काका फुलले होते. नोकऱ्या धोक्यात आल्या होत्या, माणसं मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होती, आणि हा गृहस्थ बक्षीस मिळाल्यासारखा उभा. मला हसू यायला लागलं आणि हाड दुखलं.

राहिली सातवी वस्तू. हिरव्या काचेचा टेबलावरचा दिवा.

“दिवा,” काका म्हणाले. मग थांबले. “हा...”

आम्ही वाट बघितली. त्यांनी दिवा उचलला, उलटा करून बघितला, परत ठेवला.

“हा कुणाचा बरं?”

दिवा त्यांचाच होता. महिन्याभरापूर्वी त्यांनी मला एका बाजूला बोलावून तो दाखवला होता. मुलीच्या नव्या घरासाठी घेतोय, सेलला, ताई कुणाला सांगू नका. मी टेबलाभोवतीची तोंडं बघितली. प्रत्येकाच्या तोंडावर तेच. काकांनी सगळ्यांना तो वेगवेगळा दाखवला होता, आणि प्रत्येकाला बजावलं होतं की कुणाला सांगू नका.

काकांचा हात खिशातल्या वहीकडे गेला. चेहऱ्यावरचा रंग उतरायला लागला. मघाशी माझ्यामुळे जे परत मिळालं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत निघून चाललं होतं.

“माझा,” थोरल्या कॅशियरबाई म्हणाल्या.

सात वस्तूंत त्यांची एकही नव्हती. वर्षानुवर्षं त्या भाषणं करतात ती खरी होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

“तुम्हाला आठवेल कसा?” त्या काकांना म्हणाल्या. “मी तो परवा ठेवला. शिडीला कुलूप घातल्यावर.”

चौकशीच्या बाईंनी पेन खाली ठेवला. कॅशियरबाईंचे गुडघे गेलेले आहेत. खोलीत येताना दाराची एक पायरी चढायला त्यांना दोन माणसांचा आधार लागला होता, हे बाईंनी बघितलं होतं.

“तुम्ही वर चढलात?”

“चढले.”

बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही आज स्वतःहून खरं सांगितलंत. भांडं ठेवायला जागा शोधलीत तेव्हा सगळ्या फळ्या बघितल्या असतील. अकराव्या रांगेत हा दिवा होता का?”

होता. मी तिथेच आधी ठेवणार होते. दिवा दिसला, काकांचा म्हणून ओळखला आणि सहाव्या रांगेत परत आले.

“नव्हता,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. मोकळी होती फळी.”

“नव्हता,” मॅनेजर म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

काकांनी वही न काढताच खिशातून हात बाहेर घेतला. “परवाचा होय,” ते म्हणाले. “मग मला ठाऊक असायचं कारणच नाही.” आणि खाली बसले.

बाईंनी आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं, पेन परत उचलला आणि लिहिलं. काय लिहिलं ते नंतर कळलं. अपघाताशी शिडीकाकांचा संबंध नाही. बाकी सगळ्यांना लेखी ताकीद, कॅशियरबाईंनाही, त्यांच्या आयुष्यातली पहिली. काकांनाही एक, ठाऊक असून न सांगितल्याबद्दल. माझ्याकडून भांड्यांची रांग काढून घेतली, आता मी झाडू आणि बादल्यांत आहे. तिथून काही पडलं तरी हाड मोडत नाही. शिडीचं कुलूप निघालं, आणि नवा नियम आला की शिडीवर माणूस असताना खाली दुसऱ्याने शिडी धरून उभं राहायचं. ते काम मी मागून घेतलं.

आम्ही चांगलं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विसरायला लागलेल्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून परत शिडीवर चढवलं, असंही कुणी म्हणेल. त्यांच्या मुलीला सांगायला हवं होतं. मी आणि कॅशियरबाई ते एकमेकींवर ढकलत राहिलो, आणि मग एका रविवारी दोघी मिळून गेलो. मुलीने ऐकून घेतलं. तिला वर्षभरापासून ठाऊक होतं. डॉक्टरांकडे नेते, म्हणाली, पण त्यांच्याशी भांडून कामावरून काढणार नाही. तिने एवढंच विचारलं, की बाबा वर असतात तेव्हा खाली कोण असतं.

मी असते. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी बारा रांगांची यादी घेऊन बसते आणि पाठ करते, खणासकट. शाळेत कधी इतकं केलं नाही. काका वर चढतात, मी बऱ्या हाताने शिडी धरते आणि मान वर करून बघत राहते.

काल ते वरून म्हणाले, “ताई, काचेच्या बरण्या कुठल्या खणात?”

“चौथ्या. डावीकडे, मागच्या बाजूला.”

वर थोडा वेळ काही हालचाल नव्हती. मग खोकं सरकल्याचा आवाज आला.

“मला ठाऊक होतं,” काका म्हणाले. “तुम्हाला ठाऊक आहे का, ते बघत होतो.”